तुझा सेटअप मी आता वाचला, मधू

मधू,

तुला पोचवायला किती माणसं आली होती ते तू पाहिलं असतंस, तर ओशाळून गर्दीच्या मागे जाऊन उभा राहिला असतास. मला मात्र राग आला. चोपड्याचे आले, अमळनेरचे आले, धुळ्याहून तर एक ट्रॅक्स गच्च भरून आली. सगळे छापखानेवाले, नखांत शाई असलेले, ऐन लग्नसराईत दुकानं बंद ठेवून आलेले. त्यांतल्या एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि रडवेल्या आवाजात विचारलं, की आता गिरवणीचं कसं होणार. मी त्याच्या शेजारी उभा होतो, मधू. गिरवणीचा, आपल्या मराठी अक्षरांचा, प्रोग्राम लिहिणारा माणूस त्याच्या शेजारी जिवंत उभा होता आणि त्याला वाटत होतं की गिरवणी तुझ्याबरोबर गेली.

तिथे, तुझ्यासमोर, मला तुझा हेवा वाटला. अशा वेळी दुसरा कोणी असता तर त्याला दुःख झालं असतं. मलाही झालं, पण नंतर. त्या दिवशी मी मनातल्या मनात हिशेब मांडत होतो, की माझ्या वेळी यांतले किती येतील. ट्रॅक्स तर नक्कीच लागली नसती.

आता तू काही बोलू शकत नाहीस, तेव्हा एकदा सरळ सांगून टाकतो. गिरवणीची अक्षरं मी काढली. नवी पेठेतल्या त्या फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत दोन वर्षं बसून एकेक काना, एकेक वेलांटी मी ओढली. मराठी टाइप करायचा कीबोर्ड मी बसवला. जोडाक्षरं एकमेकांवर चढू नयेत म्हणून मी काय काय केलं ते सांगितलं तर कुणाला कळणारही नाही. तू आलास तेव्हा सगळं तयार होतं. उरलं होतं ते फक्त फ्लॉपीवरून लोकांच्या मशीनमध्ये उतरवायचं काम, म्हणजे सेटअप. मी तुला ते दिलं, कारण मला ते हमालीचं वाटत होतं. घर मी बांधलं आणि सामान आत नेऊन ठेवायला तुला बोलावलं, असा माझा हिशेब होता.

आणि लोकांनी तुलाच घरमालक समजावं, याला काय म्हणायचं? पण त्यांचं तरी काय चुकलं. त्यांना दिसायचास तू. एसटीने तीन फ्लॉप्या घेऊन तू जायचास, मशीनसमोर बसायचास, पाच मिनिटांत पडद्यावर मराठी उमटायचं. त्यांच्यासाठी ते तूच आणलेलं असायचं. मग चहा, मग घरचं जेवण, मग परत येताना पिशवीत कुणाचे वाळवणाचे पापड, कुणाची केळी. खोलीत आल्यावर तू ती पिशवी माझ्यासमोर ठेवायचास आणि म्हणायचास, घे, तुझ्यासाठी पाठवलंय. मी खायचो. पण कुणी माझ्यासाठी पाठवलेलं नाही हे मला चांगलं ठाऊक होतं.

माझ्या हातून सेटअप का निघाला, तेही लिहितो. पहिला सेटअप मीच केला होता, तू यायच्या आधी. माझ्या मशीनवर विंडोज ज्या फोल्डरमध्ये होती, तिथेच ती सगळ्या जगाच्या मशीनवर असणार असं मी धरून चाललो होतो. अक्षरांच्या फायली थेट तिथे टाकायच्या आणि मोकळं व्हायचं. जळगावात ते चाललं. धुळ्यात मात्र एकाही मशीनवर अक्षरं दिसेनात. मी चार चकरा मारल्या, फ्लॉप्या बदलल्या, मशीनवाल्यांना शिव्या घातल्या. तू पहिल्याच खेपेला गेलास आणि हसत परत आलास. धुळ्यात मशीन जोडून देणारे एक काका होते. नवं मशीन आलं की ते त्याला हळदकुंकू लावायचे, नारळ फोडायचे, आणि कोऱ्या डिस्कवर पहिलं काही लिहायचं तर ते ‘श्री’च असलं पाहिजे म्हणून SHREE नावाचा फोल्डर करायचे. मग विंडोज त्या श्रीच्या आत घालायचे. आपल्याकडे चोपडीच्या पहिल्या पानावर लिहितात तसं. अर्ध्या धुळे जिल्ह्याची विंडोज अशी श्रीमध्ये बसलेली होती, आणि माझा सेटअप जिथे काहीच नव्हतं तिथे अक्षरं टाकून येत होता.

त्या काकांना म्हणावं असं करू नका, असं मी म्हणालो. तू म्हणालास, त्यांनी का ऐकावं, विंडोजला चालतंय ना. मग तू मला रजिस्ट्री दाखवलीस. मला ती माहीत नव्हती असं नाही, पण मी कधी तिच्या वाटेला गेलो नव्हतो. तलाठ्याच्या दप्तरात कुणाचं शेत कुठल्या गटात ते लिहिलेलं असतं, तसं मशीनने स्वतःबद्दल सगळं तिथे नोंदवून ठेवलेलं असतं. विंडोज कुठे आहे, अक्षरांचा फोल्डर कुठे आहे, आधीची गिरवणी घातलेली आहे का, असली तर कितवी. सेटअपने आधी ते वाचायचं आणि मगच हात लावायचा. “विचारायला काय जातं भो?” असं तू म्हणालास. तुझे वडील भुसावळच्या पुढच्या एका लहान स्टेशनावर मास्तर होते. पुढच्या स्टेशनाला विचारल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हे तू त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून शिकला होतास. मी धुळ्याच्या कापसाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. आमच्या घरात आधी गाडी सुटायची, मग विचारपूस.

तुझा सेटअप कुठेच अडला नाही. आणि मी तुझा सेटअप कधी उघडून वाचला नाही. तू दोनदा म्हणालास, बघ एकदा, काही चुकलं असेल तर सांग. मी म्हटलं, वेळ नाही. खरं कारण असं की त्यात काही चुकलेलं सापडणार नाही याची मला भीती होती.

मग ती ओळ. आपलं सगळ्यात मोठं भांडण तिच्यावरून झालं आणि ते मिटलं असं तुला वाटलं. निदान मला वाटलं की तुला तसं वाटलं.

तुझा सेटअप अक्षरं टाकून झाल्यावर रजिस्ट्रीत आपली म्हणून एक नोंद करायचा. गिरवणीची अक्षरं अमुक फोल्डरमध्ये आहेत, एवढीच. पुढे नवी गिरवणी आली की तीच नोंद वाचून जुनी अक्षरं काढता यावीत आणि तिथेच नवी ठेवता यावीत म्हणून. पण माझ्या प्रोग्राममध्ये जुन्या दिवसांची एक ओळ राहिली होती. तो सुरू झाला की त्याच जागी आपला जुना, माझ्या मशीनवरचा पत्ता लिहून टाकायचा, खरा असो वा नसो. रोजच्या कामात त्याने काही बिघडत नव्हतं, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. तुझ्या आलं. तू म्हणालास, तुझा प्रोग्राम इथे लिहितो कशाला, त्याने फक्त वाचावं, लिहायचं काम सेटअपचं. तू साधं बोललास, पण मला ते झोंबलं. माझ्याच प्रोग्रामने माझ्याच नावाच्या जागेत काय लिहायचं ते आता सेटअपवाला सांगणार, असं मी म्हणालो. आवाज चढला. स्टुडिओवाले फोटो काढायचे थांबून आत डोकावले. तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस आणि तिसऱ्या दिवशी खोलीत येता येता सहज विचारलंस, काढलीस का ती ओळ? मी म्हटलं, काढली.

काढली नव्हती. विसरलो नव्हतो, मधू. एका ओळीचं काम होतं, आणि मी ठरवून केलं नाही.

नानांच्या दुकानाबद्दल लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो. शिंदखेड्याचे छापखानेवाले नाना तुला मुलगा मानत होते. त्यांना मुलगा नव्हता आणि तुझे वडील जाऊन वर्ष झालं होतं, त्यामुळे जमलं असावं. तू शिंदखेड्याला गेलास की मुक्काम ठरलेला. नानांच्या घरच्या, अक्का, तुझ्यासाठी कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी करायच्या, वर ठेचा, आणि तू तिसरी भाकरी नको म्हटलंस तर रुसायच्या. मी एकदा तुझ्याबरोबर गेलो होतो. मला त्यांनी अगत्याने वाढलं, पण पाहुण्याला वाढतात तसं. तुला त्या ताटातलं उरलेलं संपव म्हणून दटावत होत्या. मला कुणीही दटावलं नाही.

नानांच्या सुरेखाचं लग्न ठरलं, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराचा मुहूर्त होता. आपली नवी गिरवणी तेव्हाच येणार होती. मी नवी, नाजूक अक्षरं केली होती, पत्रिकेसाठीच. तू नानांना सांगितलंस, थांबा, सुरेखाची पत्रिका या नव्या अक्षरांत करू, खान्देशातली पहिली. नाना थांबले. व्याह्यांकडून दोनदा निरोप आला, पत्रिका कधी, तरी थांबले. मग आपण दोघं फ्लॉप्या घेऊन गेलो.

तुझ्या सेटअपने आपली नोंद वाचली. नोंदीत माझ्या ओळीने लिहिलेला खोटा पत्ता होता. नानांचं मशीन धुळ्याच्या काकांचं, विंडोज श्रीमध्ये. सेटअपने नवी अक्षरं नेऊन भलत्या जागी टाकली, जुनी होती तिथेच राहिली, आणि कीबोर्ड मात्र नवा बसला. नव्या कीबोर्डवर जुनी अक्षरं. सुरेखाच्या पत्रिकेवर कुलदैवताच्या नावापासून सगळा चिवडा झाला. जुनी गिरवणी परत घालायला गेलो तर तिची पहिलीच फ्लॉपी वाचेना. दुसरी आणायची म्हणजे जळगाव. व्याही दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रिका न्यायला येणार होते.

बाहेर आणखी चार जण पत्रिकांसाठी बसले होते. नाना पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वळून विचारलं, “हाई काम कोनं शे?”

मला तोपर्यंत कळलं होतं. दहा मिनिटंही लागली नव्हती. ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर उभी होती. तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणालो, “सेटअप याचा आहे, नाना.”

तू मान खाली घालून पुन्हा कीबोर्डकडे वळलास. नानांनी माळ्यावरून छपाईच्या शिशाच्या खिळ्यांची जुनी पेटी काढली, चष्मा कपाळावर चढवला आणि एकुलत्या मुलीची पत्रिका एकेक खिळा वेचून हाताने जुळवली. संध्याकाळपर्यंत. तू मदतीला उठलास तर त्यांनी तुझा हात बाजूला केला. मला म्हणाले, यापुढे काही लागलं तर तूच येत जा, याले धाडू नको.

आणि आता खरी शरमेची गोष्ट. मला बरं वाटलं. सगळ्या खान्देशात एक तरी दुकान असं झालं, जिथे तुझ्याऐवजी मला बोलावतील. परतीच्या एसटीत तू खिडकीशी बसला होतास आणि मी मनातून खूष होतो. लग्नाचं बोलावणं माझ्या एकट्याच्या नावाने आलं. मी गेलो. वरणबट्टी आणि वांग्याची भाजी पोटभर जेवलो. सुरेखाने विचारलं, मधूदादा नाही आले? मी म्हटलं, त्याला काम आहे.

त्यानंतर दोन वर्षं तू शिंदखेड्याला गेला नाहीस. कुणी कळण्याची भाकरी म्हटलं की विषय बदलायचास. मी ते पाहत होतो. सांगायला रोज जागा होती. आपण एकाच टेबलावर समोरासमोर बसत होतो. मी ती ओळ काढली, पण तीही लगेच नाही, दोन महिन्यांनी, आणि गुपचूप. मधल्या काळात कुठूनच तशी तक्रार आली नाही. मला वाटलं, माझं नशीब.

मग तुला कावीळ झाली. अकरा दिवस.

तेराव्यानंतर सुनंदावहिनींनी मला तुमच्या घरी बोलावून फ्लॉप्यांचा डबा दिला. म्हणाल्या, तुमच्या कामाचं असेल, मला यातलं कळत नाही. डब्यावर तुझ्या अक्षरात फक्त ‘सेटअप’ लिहिलं होतं. त्यांच्या समोर मी म्हटलं की बघतो. नवी गिरवणी द्यायची होती आणि आता सेटअप करायला मीच उरलो होतो, तेव्हा बघणं भागच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत जाऊन मी तुझा सेटअप पहिल्यांदा उघडला.

तो इतका स्वच्छ होता की मला चीड आली. एकही गोष्ट तू गृहीत धरली नव्हतीस. नोंद आहे का, ते आधी विचारलेलं. नसली तर काय, ते लिहिलेलं. असली पण रिकामी असली तर काय, तेही. मी पंचवीस वर्षं प्रोग्राम लिहिले तरी असं लिहिणार नाही. माझ्या अक्षरांची तारीफ तू चारचौघांत करायचास. तुझ्या या कामाची तारीफ माझ्या तोंडून तू कधी ऐकली नाहीस, आणि ती माझ्याशिवाय दुसरं कोणी करूच शकत नव्हतं. आपल्या भागात ते कळणारा मी एकटाच होतो.

मध्यावर तो भाग आला. आपली नोंद वाचायची जागा. तिथे तू मशीनने न वाचता फक्त माणसाने वाचायची एक टीप लिहून ठेवली होतीस, माझ्या नावानिशी, इंग्रजी अक्षरांत मराठी, आपण लिहायचो तशी. “प्रकाशची ओळ अजून आहे. आपल्या नोंदीवर विश्वास नको. विंडोजलाच विचारणे, आणि नोंद चुकली असल्यास गुपचूप दुरुस्त करणे.” खाली तारीख. शिंदखेड्याहून परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

म्हणजे तुला माहीत होतं. एसटीत खिडकीशी बसला होतास तेव्हाच माहीत असावं. तक्रारी आल्या नाहीत ते माझं नशीब नव्हतं. दोन महिने तुझा सेटअप गावोगाव जाऊन माझं खोटं पुसत होता. नानांना एक वाक्य सांगितलं असतंस तर तुझं ताट परत मांडलं असतं त्यांनी. तू सांगितलं नाहीस. मलाही काही विचारलं नाहीस, तू, ज्याने आयुष्यभर विचारल्याशिवाय पाऊल टाकलं नाही. मला रडू आलं आणि त्याबरोबर तुझा इतका राग आला की मी मशीन बंद करून बाहेर जाऊन उभा राहिलो. इथेही तूच मोठा ठरलास. भांडला असतास, तर आपण बरोबरीत आलो असतो.

आज मी शिंदखेड्याला गेलो. नाना आता थकलेत. तुझी बातमी त्यांना उशिरा कळली होती, त्यामुळे ते जळगावला आले नव्हते. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी पाणीही न घेता सगळं सांगितलं. ओळ माझी होती, मी ती काढली म्हणून मधूला खोटं सांगितलं, त्या दिवशी इथे बसून मला सगळं कळलं होतं आणि तरी मी त्याचं नाव घेतलं. सुरेखाची पत्रिका माझ्यामुळे गेली. मधूचा सेटअप बरोबर होता.

नाना ऐकत होते. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत होते, पुसून झाला तरी पुसत होते. अक्का दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. मधू, त्या दोघांना तुझ्यासाठी रडताना बघून मला पुन्हा हेवा वाटला. एवढं कबूल करायला आलेला माणूस, आणि त्याचं मन अजून तिथेच. नाना मला बोलतील, हाकलून देतील, असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर सुटलो असतो.

चष्मा चढवून ते म्हणाले, “हाई तू मधूले सांगं व्हतं का?”

“नाही.”

“मंग माले काबरं सांगस?”

 त्यांनी मला थांब म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. मी उठून स्टँडवर आलो, दुपारची गाडी धरली आणि खोलीवर येऊन हे लिहायला बसलो.

मधू, तू विचारलं होतंस, ती ओळ काढली का.

नाही काढली. मी खोटं बोललो.